सात कप्प्यांतली माणसे

नौदलाच्या पाणबुडीवर नोकरी केलेली, पेन्शन घेऊन घरी आलेली आणि घरच्याच अंथरुणावर गेलेली जी माणसे, त्यांचे हे पुस्तक आहे. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे, कारण पाणबुडी आणि मृत्यू हे शब्द शेजारी आले की वाचकाच्या मनात अपघातच येतो. तो यावा असे आपल्याकडे घडलेलेही आहे. १४ ऑगस्ट २०१३ला मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या नौदल गोदीत उभ्या असलेल्या 'सिंधुरक्षक'मध्ये स्फोट झाले आणि आतले अठराही जण गेले. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारीला, मुंबईजवळच्या समुद्रात 'सिंधुरत्न'मध्ये धूर कोंडला आणि साथीदारांना बाहेर काढण्यासाठी झटणारे दोन अधिकारी परत आले नाहीत. त्या वीस जणांसाठी देश थोडा वेळ तरी थांबला. त्यांना सलामी मिळाली, त्यांच्या घरी मंत्री गेले, वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो छापले.

या पुस्तकातल्या माणसांसाठी कोणी थांबले नाही. ती गावी परतली, घराला पत्रे घातले, मुलींची लग्ने लावली, बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभी राहिली, सोसायटीचे सेक्रेटरी झाली. ती गेली तेव्हा तालुक्याच्या पेपरात 'माजी नौसैनिक' एवढेच छापून आले. नौसैनिक तर सगळेच. पण बंद लोखंडी नळकांड्यात समुद्राखाली दिवसचे दिवस राहून काम करणे म्हणजे काय, हे त्या दोन शब्दांत कुठेच नव्हते.

यातले बहुतेक जण भारतीय पाणबुडी दलाच्या पहिल्या पिढीतले. ८ डिसेंबर १९६७ला सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात 'कलवरी'वर तिरंगा चढला आणि आपल्या नौदलाकडे पहिली पाणबुडी आली. कमांडर के. एस. सुब्रमण्यम तिचे पहिले कप्तान. त्याआधी आपले अधिकारी आणि नौसैनिक पार व्लादिवोस्तोकला जाऊन शिकले होते. यंत्रे शिकायची तर आधी रशियन शिकायला हवी होती. कोकणातल्या, देशावरच्या, आंध्रातल्या, पंजाबातल्या विशी-पंचविशीतल्या पोरांनी ती बर्फात बसून शिकली. १९६७च्या अरब-इस्रायल युद्धाने सुएझ कालवा बंद पडलेला असल्यामुळे 'कलवरी' अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून आली आणि १९६८च्या जुलैत विशाखापट्टणमला लागली. पुढच्या सात वर्षांत तिच्याच जातीच्या आणखी सात आल्या: 'खांदेरी', 'करंज', 'कुरसुरा', मग 'वेला', 'वागीर', 'वागली', 'वागशीर'. यातल्या दोन नावांपाशी मराठी वाचक क्षणभर थबकेल. खांदेरी म्हणजे शिवाजी महाराजांनी १६७९मध्ये इंग्रज आणि सिद्दी यांच्या डोळ्यांदेखत बांधायला घेतलेला जलदुर्ग, आणि करंज हे नाव उरणजवळच्या करंजा बेटावरून आलेले. आता याच नावांच्या नव्या पाणबुड्या माझगाव डॉकमध्ये बांधून नौदलात दाखल झाल्या आहेत. त्यामुळे पेन्शनरांच्या गप्पांत 'जुनी खांदेरी' आणि 'नवी खांदेरी' असा फरक करावा लागतो. हे पुस्तक जुनीचे आहे.

नोंदी कोणत्या क्रमाने लावायच्या, हा प्रश्न लवकरच आला. फौजेतल्या माणसांची यादी हुद्द्याप्रमाणे लावायची रीत आहे: वर अधिकारी, मग चीफ, मग पेटी ऑफिसर, शेवटी साधे नौसैनिक आणि कुक. शाळेच्या हजेरीसारखा आडनावांचा क्रमही घेता आला असता. आम्ही दोन्ही बाजूला ठेवले आणि माणसे कप्प्यांप्रमाणे लावली. त्याची कारणे थोडी सविस्तर सांगायला हवीत, कारण पाणबुडीवरच्या आयुष्याचे मर्म मला तिथेच दिसते.

या जातीची पाणबुडी ९१ मीटर लांब असते, म्हणजे एसटीच्या आठेक गाड्या एकीमागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल तेवढी. आत पाऊणशेच्या आसपास माणसे. ही लांबी सात कप्प्यांत विभागलेली असते आणि दोन कप्प्यांमध्ये एक गोल लोखंडी दार असते, वाकून, आधी पाय घालून पलीकडे जावे लागेल असे. आग लागली किंवा पाणी आत आले की ते दार बंद होते. आत जे असतील त्यांनी आतूनच झुंजायचे. दार कधी उघडायचे हे कंट्रोल रूममधून ठरणार. आपल्याच मित्रावर दार बंद करायची वेळ येऊ शकते, आणि मित्रालाही ती आपल्यावर आणावी लागू शकते, हे ठाऊक असूनच प्रत्येक जण बोटीवर चढायचा. आणि चढायचा तो स्वतःहून. पाणबुडी दलात जबरदस्तीने कोणाला पाठवत नाहीत.

म्हणूनच तिथे नुसते आपले काम येऊन भागत नाही. प्रशिक्षण संपवून बोटीवर आलेल्या नव्या माणसाला, मग तो इलेक्ट्रिकल मेकॅनिक असो, सोनार ऑपरेटर असो की कुक, सातही कप्प्यांतला एकेक नळ कुठून निघतो आणि कुठे जातो, एकेक व्हॉल्व्ह कोणत्या बाजूला फिरतो, हे हाताने चाचपून शिकावे लागते. दिवे गेले तरी हात नेमका तिथेच गेला पाहिजे. मग तोंडी परीक्षा, आणि ती पास झाल्यावर छातीवर डॉल्फिनचे पदक. कप्तानाच्या छातीवर डॉल्फिन आणि कुकच्याही छातीवर डॉल्फिन. एकाने एक व्हॉल्व्ह चुकीचा फिरवला तर पाऊणशे जणांचे काय होईल, हे दोघांनाही सारखेच कळते. ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे अशा हिशेबात काढली, त्यांना मेल्यावर पुन्हा हुद्द्यांच्या उतरंडीवर बसवणे मला पटले नाही. संपादनात मदत करणाऱ्या काही निवृत्त अधिकाऱ्यांनी सुरुवातीला हरकत घेतली. पहिला कप्पा तयार होऊन त्यांच्या हाती गेला तेव्हा त्यांनी ती मागे घेतली.

पहिला कप्पा म्हणजे पुढची टॉर्पेडो रूम: सहा नळ्या, राखीव टॉर्पेडो आणि त्यांच्या अवतीभवतीच बंक. इथली माणसे टॉर्पेडोला पाठ लावून झोपत. दुसऱ्या कप्प्यात अधिकाऱ्यांच्या केबिन आणि वॉर्डरूम, पायाखाली बॅटरी. तिसरा कप्पा कंट्रोल रूमचा, आणि पाणबुडीचे सिनेमे सगळे तिथेच घडत असल्यामुळे त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. त्या नोंदी वाचकांनी सावकाश वाचाव्यात.

चौथ्या आणि पाचव्या कप्प्याबद्दल मात्र लिहायलाच हवे, कारण तिथल्या माणसांबद्दल आजवर कोणी फारसे लिहिलेले नाही.

चौथ्यात सीनियर नौसैनिकांचे बंक, स्वयंपाकाची गॅली, आणि खाली पुन्हा बॅटरी. पाण्याखाली डिझेल इंजिने चालत नाहीत. बोट चालते ती बॅटरीवर. या बॅटऱ्या म्हणजे जमिनीखालच्या बुटक्या खणांत दाटीवाटीने बसवलेले शेकडो सेल. त्यांचे पाणी बघणे, आम्लाची घनता मोजणे, तापमान नोंदवणे ही कामे पोटावर सरपटत जाऊन करायची. आत उतरण्यापूर्वी घड्याळ काढायचे, अंगठी काढायची, कमरेचा धातूचा बक्कल काढायचा, कारण दोन टोकांना एकदम धातू टेकला की ठिणगी, आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. समुद्राचे पाणी तिथवर पोहोचले तर क्लोरीन तयार होतो. बॅटरीवाल्यांच्या कपड्यांना आम्लाने बारीक भोके पडलेली असत आणि धुतली की ती मोठी होत. अशा एका माणसाच्या मुलीने लिहिले आहे की वडिलांनी लग्नातली अंगठी जन्मभर घातली नाही, पेन्शनीत आल्यावरही नाही. आई त्यावरून कितीदा तरी रुसली, आणि का घालत नाहीत हे त्यांनी तिला कधी सांगितले नाही.

त्याच कप्प्यातला कुक. पहिल्या आठवड्यात भाजी ताजी, मग बटाटे-कांदे, मग डबे. गॅलीची जागा एवढीशी की एका माणसाला धड वळता येत नाही, वर बोट डोलत असेल तर भांडी धरून उभे राहायचे. बोट पाण्याखाली गेली की हवा आहे तेवढीच. त्यात फोडणीचा धूर पाऊणशे जणांनी किती काळ सोसायचा, हे कुकला ठरवावे लागे. जेवण चांगले असेल तर गस्त निभते, हे मी अधिकाऱ्यांच्याही नोंदींत वाचले आणि नौसैनिकांच्याही. कोणत्या कप्तानाने काय पराक्रम केला याबद्दल त्यांचे मतभेद आहेत. कोणता कुक चांगला होता याबद्दल नाहीत.

पाचवा कप्पा डिझेलचा. तीन इंजिने, प्रत्येकी दोन हजार अश्वशक्तीची, आणि त्यांच्या मधून जाणारी अरुंद वाट. इंजिने चालू असताना तिथे बोलणे अशक्य. हातवारे, ओठांची हालचाल आणि खांद्यावर थाप यांवर काम चाले. बॅटरी चार्ज करण्यासाठी बोट वर येई तेव्हा अनेकदा पूर्ण वर येत नसे. स्नॉर्टची नळी तेवढी पाण्याबाहेर काढून तिच्यातून इंजिनांना हवा द्यायची. लाट त्या नळीवरून गेली की तिचे झाकण आपोआप बंद होते आणि इंजिने मग बोटीच्या आतलीच हवा ओढू लागतात. सगळ्यांच्या कानांना एकदम दडे बसतात, झाकण उघडले की पुन्हा दणका. खवळलेल्या समुद्रात हे तासन्‌तास चाले. पाचव्या कप्प्यातल्या जवळजवळ सगळ्या नोंदींमध्ये घरच्यांनी एकच तक्रार लिहिली आहे: त्यांना ऐकू कमी यायचे, टीव्ही मोठा लावायचे, फोनवर ओरडून बोलायचे. नातवंडांना वाटे आजोबा रागावलेत. कानांची ती हानी नोकरीत झाली होती, पण फार थोड्यांनी ती कागदावर आणली. बहुतेकांनी ती अंगाला येणाऱ्या डिझेलच्या वासासारखीच गृहीत धरली. तो वास कपड्यांतून, केसांतून, सुटीवर आणलेल्या पिशवीतून घरभर पसरे, आणि बायका त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवत.

याच कप्प्यातल्या एका चीफच्या घरी मला एक वही बघायला मिळाली. शंभर पानी, पुठ्ठा तेलाने काळा पडलेला. आत पानापानावर नळांची चित्रे, समुद्राचे पाणी हिरव्या पेन्सिलीने, हवा निळ्या, इंधन तांबड्या. प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर. शेजारी देवनागरीत रशियन शब्द: क्लापान, नासोस, अत्सेक, आणि त्यापुढे मराठीत, 'उजवीकडे, गुडघ्याच्या उंचीवर, अर्धा फेरा जास्त नको'. शेवटच्या पानांवर किराणा मालाचा हिशेब. त्यांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले होते. ही वही कुठल्याही तांत्रिक महाविद्यालयात काचेखाली ठेवावी अशी आहे. तिची चार पाने आम्ही त्यांच्या नोंदीसोबत छापली आहेत.

सहावा कप्पा मोटारींचा, सातवा मागच्या टॉर्पेडो रूमचा. सातव्यातल्या चार नळ्यांजवळ झोपणारे बहुतेक सगळ्यात तरुण. त्यांच्या नोंदी आकाराने सगळ्यात लहान आहेत आणि त्याबद्दल पुढे लिहितो.

१९७१च्या युद्धाचा उल्लेख टाळता येणार नाही. त्या डिसेंबरात 'करंज' अरबी समुद्रात पाकिस्तानच्या किनाऱ्याकडे गस्तीवर होती. तिचे कप्तान कमांडर व्ही. एस. शेखावत पुढे वीरचक्र मिळवून नौदलप्रमुख झाले. त्याआधी 'कुरसुरा'ने तिकडची गस्त केली होती. आपल्या पाणबुड्यांना आदेश कडक होता: लक्ष्याची ओळख पक्की पटल्याशिवाय टॉर्पेडो सोडायचा नाही. त्या पाण्यात तटस्थ देशांची व्यापारी जहाजे येत-जात होती. आपल्या पाणबुड्यांनी त्या युद्धात एकही जहाज बुडवले नाही. गावी आल्यावर लोक विचारत, किती बुडवली? उत्तर असे, एकही नाही. मग विचारणाऱ्याचा चेहरा पडे. कितीतरी नोंदींमध्ये हा प्रसंग वेगवेगळ्या शब्दांत आला आहे. मला वाटते, पेरिस्कोपमध्ये दिसणारे जहाज कोणाचे हे नक्की कळेपर्यंत हात आवरणे, आणि तसे दिवसचे दिवस शत्रूच्या दारात राहणे, ही त्या युद्धातली मोठी कामगिरी होती. तिची गोष्ट सांगता येत नाही म्हणून ती लहान होत नाही.

त्याच डिसेंबरच्या ३ आणि ४ तारखेदरम्यानच्या रात्री पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी विशाखापट्टणमच्या समोर ९३ माणसांसह बुडाली. ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने दीवजवळ आपल्या 'खुकरी' या युद्धनौकेला टॉर्पेडो मारला आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह आपले १९४ जण गेले. पाणबुडीवाल्यांना या दोन्ही घटना एकाच वेळी समजत होत्या, हे मला या नोंदींतून कळले. खुकरीबद्दल त्यांच्या मनात संताप आहे, तो इतक्या वर्षांनीही शब्दांत उतरतो. पण गाझीबद्दल लिहिताना एकही जण विजयाच्या भाषेत बोलत नाही. ज्या गावात त्यांनी पाणबुडी शिकली, जिथे आयएनएस वीरबाहू या पाणबुडी तळाच्या क्वार्टरांत त्यांचे संसार उभे राहिले, त्याच गावासमोर समुद्राच्या तळाशी ती पडलेली आहे. आतल्या माणसांचे शेवटचे तास कसे गेले असतील, याची कल्पना त्यांच्याइतकी नेमकी दुसऱ्या कोणाला करता येणार? एका नोंदीत मुलाने लिहिले आहे की वडील दर ४ डिसेंबरला, नौदल दिनाच्या दिवशी, टीव्हीवरचा सोहळा संपेपर्यंत बघत, आणि नंतर त्या रात्री जेवत नसत.

घरच्यांना या कामाची माहिती किती होती? जवळपास नाहीच. कुठे जाणार, किती दिवस, परत कधी, हे विचारायचे नाही आणि विचारले तर सांगायचे नाही. समुद्रातून पत्र नाही, फोन नाही. विशाखापट्टणमच्या क्वार्टरांत मराठी बायका तेलुगू बाजारात भाजी घ्यायला शिकल्या, मुले तेलुगूत भांडायला शिकली, आणि बोट लागली की नाही हे शेजारणीच्या दारात वाळणाऱ्या गणवेशावरून ओळखू लागली. या पुस्तकातल्या निम्म्याहून अधिक नोंदी पत्नींनी किंवा मुलांनी लिहिल्या आहेत आणि त्यांत बोटीचा भाग कमी आहे. तो भाग आम्ही त्याच कप्प्यातल्या साथीदारांकडून घेतला, जे अजून आहेत त्यांच्याकडून. गस्तीची ठिकाणे, खोली, संदेशांच्या पद्धती यांतले काहीही यात नाही. ही माणसे ज्याबद्दल आयुष्यभर बोलली नाहीत, ते त्यांच्या मागे आपण बोलणे योग्य नाही.

त्यांचे पुढचे आयुष्य मात्र आम्ही मुद्दाम सविस्तर घेतले. नौसैनिक तरुणपणी भरती होई आणि पस्तिशी-चाळिशीतच पेन्शनीत येई. म्हणजे नोकरीपेक्षा नंतरची वर्षे कितीतरी जास्त. कोणी माझगाव डॉकमध्ये लागले आणि १९९२मध्ये 'शाल्की' ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी नौदलात गेली तेव्हा हातात पाने-हातोडी घेऊन तिथे होते. कोणी व्यापारी जहाजांवर गेले. कोणी आंब्याच्या बागा केल्या. कोणी दारूत बुडाले. घरच्यांनी ते लपवले नाही आणि आम्हीही गाळले नाही. 'वीर', 'अमर', 'शूर सुपुत्र' हे शब्द मी जवळजवळ सगळ्या नोंदींतून काढले आहेत. काही घरांना ते खटकले. माझे म्हणणे असे की माणसाने कोणते इंजिन सांभाळले, कोणाला शिकवले, कशाला घाबरत असे, हे लिहिले की आदर आपोआप येतो, आणि हे न लिहिता कितीही विशेषणे लावली तरी माणूस दिसत नाही.

८ डिसेंबर २०१७ला पाणबुडी दलाला पन्नास वर्षे झाली, विशाखापट्टणमला राष्ट्रपतींच्या हस्ते दलाला निशाण मिळाले. पहिल्या तुकडीतले जे तोवर होते ते सत्तरी-ऐंशीत होते. त्यानंतरच्या थोड्या वर्षांत त्यांच्यातले कितीतरी गेले, आणि या कामाची घाई आम्हाला तिथून लागली.

ज्यांना हे कप्पे डोळ्यांनी बघायचे असतील त्यांनी विशाखापट्टणमला जावे. 'कुरसुरा' २००२पासून रामकृष्ण बीचवर वाळूत उभी करून ठेवली आहे, संग्रहालय म्हणून. वाट दाखवायला बहुधा नौदलातले निवृत्त लोकच असतात. पुस्तक हातात घेऊन एकेका कप्प्यात त्या त्या नोंदी वाचाव्यात. पाचव्यात थोडे जास्त थांबावे, आणि वाट दाखवणाऱ्याशी बोलताना आवाज चढवावा. तोही कदाचित त्याच कप्प्यातला असेल.

आता सातव्या कप्प्याबद्दल. तिथल्या काही नावांखाली जन्मगाव आणि बोटीचे नाव यापलीकडे एक ओळही नाही. पोरे तरुण होती, काहींची लग्ने झाली नव्हती, नोकरी सोडून ती कुठे पांगली हे साथीदारांनाही सांगता आले नाही. त्यांच्या जागा आम्ही कोऱ्या ठेवल्या आहेत, पान वाया जाते म्हणून मजकूर वर ओढलेला नाही. पुढच्या आवृत्तीत त्या भरायच्या आहेत. तुमच्या घरात, भावकीत, चाळीत असा कोणी होता का, हे वडीलधाऱ्यांना विचारा. माळ्यावरची काळी लोखंडी ट्रंक भंगारवाल्याला देण्याआधी उघडून बघा. पदक असेल तर ते घरात ठेवालच. पण वही, नळांची चित्रे, रशियन शब्दांचे कागद, बोटीवरच्या ग्रुप फोटोमागे पेन्सिलीने लिहिलेली नावे, हेही ठेवा आणि त्यांची नक्कल प्रकाशकांच्या पत्त्यावर पाठवा. फोटोत उभ्या असलेल्यांपैकी कोणाला ओळखत असाल तर डावीकडून कितवा ते लिहा. तेवढ्यावरून इथले जुने लोक पुढचे शोधून काढतात.